हंटिंग्टनचा आजार : बाधा नाही, करणी नाही, घराण्याचा कलंकही नाही

आपल्या वस्तीत क्षयरोग आहे, मधुमेह आहे, रक्तदाब आहे, पावसाळा लागला की डेंग्यू आहे. मग लाखात काही जणांना होणाऱ्या आजाराला या पानावर जागा कशाला, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की हा आजार समाजात दुर्मीळ असला, तरी ज्या घरात असतो त्या घरात दुर्मीळ राहत नाही. तिथे आजी, मग वडील, आत्या, मग थोरला मुलगा अशी रांग लागते. अशा घराकडे बोट दाखवून आपल्याच गल्लीत "त्या घराला काहीतरी लागलंय" असे बोलले जाते. त्या घराशी सोयरीक टाळली जाते. त्या घरातला माणूस बेवडा ठरतो, नाहीतर वेडा ठरतो. जन्मावरून माणसाला कमी लेखणे काय असते, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. म्हणूनच या आजाराबद्दल नीट समजून घेणे हे आपले काम आहे, असे आम्हाला वाटते.

दारू न पिता झोकांड्या

जॉर्ज हंटिंग्टन नावाच्या अवघ्या २२ वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने १८७२ साली या आजाराचे नेमके वर्णन लिहिले. त्याचे वडील आणि आजोबाही त्याच भागात डॉक्टर होते. तिघांनी मिळून एकाच घराण्यातल्या वेगवेगळ्या पिढ्यांचे रुग्ण पाहिले होते. त्यामुळे हा आजार आईबापांकडून मुलांकडे येतो, हे त्याला ठामपणे सांगता आले. त्याचेच नाव आजाराला पडले.

आजाराचे मूळ जन्मापासून शरीरात असते, पण तो दिसू लागतो बहुधा वयाच्या ३० ते ५० या काळात. म्हणजे माणूस कमावता असताना, मुले शाळेत असताना. आधी बोटे आपोआप हलू लागतात, खांदा उडतो, भुवया वर-खाली होतात, चालताना पाय भलतीकडे पडतो. हातातला कप निसटतो. या आपोआप होणाऱ्या हालचालींना वैद्यकात कोरिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नाच असा आहे. पुढे बोलणे जड होते, गिळताना ठसका लागतो, वजन उतरत जाते.

हे झाले डोळ्यांना दिसणारे. पण कितीतरी घरांत पहिली खूण मनाची असते आणि ती हालचालींच्या आधी काही वर्षे येते. शांत माणूस एकाएकी चिडका होतो, भांडी आपटतो. हौशी माणूस कशातच रस घेत नाही, अंघोळीलाही कंटाळतो. उदासी येते, संशय येतो. हिशेब चुकू लागतो, दोन कामे एकदम जमत नाहीत, ठरवलेले काम सुरूच होत नाही. घरच्यांना वाटते की हा मुद्दाम करतो आहे. तो मुद्दाम करत नसतो. मेंदूच्या आत खोलवर, हालचाल आणि वागणे यांचा ताळमेळ राखणारा जो भाग आहे, तिथल्या पेशी हळूहळू मरत असतात.

असा माणूस रस्त्याने चालला की लोक म्हणतात, सकाळी सकाळी लावून आला. ही चूक केवळ आपल्या वस्तीत होते असे नाही. अमेरिकेत वूडी गथ्री नावाचे मोठे लोकगायक होऊन गेले. आपल्याकडे शाहिरांनी कष्टकऱ्यांचे दुःख जलशातून मांडले, तसे त्यांनी तिकडच्या बेघर शेतमजुरांचे जगणे गाण्यांतून मांडले. त्यांच्या आईला हा आजार होता आणि तिचा शेवट वेड्यांच्या इस्पितळात झाला. पुढे गथ्री यांची चाल बिघडली, वागणे बदलले, तेव्हा त्यांनाही आधी दारुडा आणि मनोरुग्ण ठरवण्यात आले. खरे निदान १९५२ साली झाले. १९६७ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी ते वारले. ज्यांना सारा देश ओळखत होता त्यांच्यावर दारुडेपणाचा शिक्का बसला, तर नाक्यावरच्या बिगारी कामगारावर किंवा सफाई कामगारावर तो किती लवकर बसेल, याचा विचार करा.

मूळ कारण एका जनुकात

आता मुख्य प्रश्न, हे होते कशाने? आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या सूचनांची जणू एक वही असते. त्या वहीतल्या एकेका सूचनेला जनुक म्हणतात. चौथ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असलेल्या एका जनुकात सीएजी ही तीन रासायनिक अक्षरे ओळीने पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. बहुतेक माणसांत ती २६ किंवा त्याहून कमी वेळा येतात. ज्यांच्यात ती ४० किंवा त्याहून जास्त वेळा येतात, त्यांना पुरते आयुष्य लाभले तर हा आजार होतोच. ३६ ते ३९ असतील तर काहींना होतो, काहींना होत नाही. जास्तीच्या अक्षरांमुळे त्या जनुकापासून बनणारे प्रथिन बिघडलेले निघते आणि ते मेंदूच्या पेशींना मारक ठरते. एवढेच याचे गुपित आहे. यात कोणाची नजर नाही, कोणी घातलेला उतारा नाही, चुकलेला कुळाचार नाही.

हे जनुक प्रत्येकाकडे दोन असतात, एक आईचे आणि एक वडिलांचे. त्यांतले एक जरी बिघडलेले असले तरी आजार होतो. म्हणून बाधित आई किंवा वडिलांच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. इथे एक गैरसमज काढून टाकू. निम्मी शक्यता म्हणजे चार मुलांपैकी दोघांना होणारच, असे नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणे नव्याने उडते. चारही मुले सुटू शकतात आणि चारही सापडू शकतात. मुलगा-मुलगी असा भेद हा आजार करत नाही. थोरल्याला झाला म्हणून धाकटा सुटला, किंवा चेहरा बापासारखा म्हणून आजारही बापाचाच, असे काही नसते. ज्याच्याकडे ते बिघडलेले जनुक आलेच नाही, त्याच्या मुलाबाळांत तो आजार त्याच्याकडून जात नाही. त्याच्यापुरती ती साखळी तिथेच तुटते. गथ्री यांच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुलींना आजार झाला, तर दुसऱ्या लग्नाचा मुलगा आर्लो सत्तरी ओलांडूनही त्यापासून दूर राहिला.

"आमच्या घराण्यात असे कोणाला नव्हते," असेही पुष्कळदा ऐकू येते. ते खरे असू शकते, कारण क्वचित आकडा नव्यानेच वाढतो. पण आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीजण पन्नाशी पाहू शकले? कोणी साथीत गेले, कोणी बाळंतपणात, कोणी गिरणीच्या धुळीने. आजार दिसण्याआधीच माणूस गेला, तर तो होता की नव्हता हे कळणार कसे? वडिलांकडून जनुक येताना अक्षरांची संख्या वाढण्याचा संभव जास्त असतो आणि त्यामुळे पुढच्या पिढीत आजार लवकर दिसू शकतो, हेही लक्षात असू द्यावे.

मागल्या जन्मीचे पाप ही पळवाट

भगत आणि देवऋषी आपण वस्तीच्या बाहेर काढले, असे आपण अभिमानाने सांगतो. पण ज्या आजारावर डॉक्टर "औषध नाही" म्हणतात, तिथे ते मागच्या दाराने परत येतात. अंगात आल्यासारखे हातपाय हलताना पाहिले की शहाणी माणसेही डगमगतात. कोणी ताईत सुचवतो, कोणी अमावास्येला अमुक ठिकाणी न्यायला सांगतो, कोणी "मागल्या जन्मीचे भोग" म्हणून हात झटकतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हे वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

मागल्या जन्मीच्या भोगाबद्दल आपल्याला उत्तर शोधायला लांब जायला नको. वर्षावासात आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्यात कर्म आणि पुनर्जन्म यांची चर्चा करताना बाबासाहेबांनी अनुवंशाचे विज्ञानच पुढे ठेवले आहे. मूल आईबापांचे गुणधर्म घेऊन जन्मते, तर मागल्या जन्मीचे कर्म त्यात शिरते कुठून, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला, हंटिंग्टनचे जनुक सापडण्याच्या ३६ वर्षे आधी. पाली संयुत्त निकायातही मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाला तथागतांनी सांगितले आहे की पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशा अनेक कारणांनी वेदना होतात आणि सगळे मागल्या कर्माने होते असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या पापाचा हिशेब मांडणारा माणूस, मग तो पंचशील म्हणणारा का असेना, धम्माचे बोलत नाही.

गरिबांच्या रक्तातून सापडलेले ज्ञान

हे जनुक सापडले कसे, ही हकिकतही आपण ऐकावी अशी आहे. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात माराकायबो सरोवराच्या काठी कोळ्यांच्या गरीब वस्त्या आहेत. तिथे या आजाराची जेवढी घराणी एकत्र आढळली, तेवढी जगात दुसरीकडे आढळली नव्हती. नॅन्सी वेक्सलर या संशोधक १९७९ पासून वर्षानुवर्षे आपल्या सहकाऱ्यांसह तिथे जात राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या आईला हा आजार होता. त्यांनी १८ हजारांहून अधिक माणसांची वंशावळ तयार केली. त्या कोळ्यांनी आपले रक्त तपासायला दिले. त्याच्या आधाराने १९८३ साली जनुकाचा ठावठिकाणा लागला आणि १९९३ साली ते जनुक हाती आले. आज जगातल्या कोणत्याही शहरात रक्ताच्या एका नमुन्यावरून निदान होते ते त्या झोपडीवासीयांमुळे. त्यांचे स्वतःचे दारिद्र्य मात्र हटले नाही. गरिबांनी ज्ञानाला हातभार लावायचा आणि फळ दुसऱ्यांनी खायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. म्हणूनच हे ज्ञान आपल्या वस्तीपर्यंत आले पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

नाव लावण्याआधी तपासणी

हा लेख वाचून कोणी शेजाऱ्याच्या हलत्या हाताला हंटिंग्टन म्हणू नये. हात-पाय आपोआप हलण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही बरी होणारी आहेत. लहान मुलांत घसादुखी आणि सांध्यांच्या तापानंतर अशा हालचाली येतात. त्या औषधाने जातात, पण मुलाचे हृदय तपासावे लागते. थायरॉईडच्या बिघाडाने होते. मानसिक आजाराची काही औषधे बराच काळ घेतल्याने होते. विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबे साठते आणि हात थरथरतात, बोलणे बिघडते. तो वेळेत ओळखला तर औषधाने आटोक्यात राहतो. विल्सनमध्ये आई आणि वडील दोघांकडून बिघडलेले जनुक यावे लागते, म्हणून मामाच्या मुलीशी लग्नासारख्या नात्यातल्या लग्नांत त्याचा धोका वाढतो. हंटिंग्टनचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही.

म्हणून पहिली पायरी म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मेंदूविकार विभाग, म्हणजे न्यूरॉलॉजीची ओपीडी. जाताना तीन गोष्टी न्याव्यात. एक, घराण्याचा कागद : आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी यांपैकी कोणाला असे झाले होते, कोणत्या वयात, कोण कशाने गेले. दोन, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे. तीन, मोबाइलवर घेतलेले चालण्याचे आणि हात हलण्याचे छोटे चित्रण. डॉक्टरांसमोर माणूस पाच मिनिटे सावरून बसतो आणि खरे चित्र दिसत नाही.

आजार मुळातून बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. जनुकावर काम करणाऱ्या एका उपचाराच्या छोट्या चाचणीचे आशादायक निकाल २०२५ साली जाहीर झाले, पण तो अजून आपल्या दवाखान्यात मिळणारा उपचार नाही. कोणी खात्रीचा इलाज म्हणून लाखभर रुपये मागत असेल, तर दागिने गहाण टाकण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाला विचारा. मात्र "औषध नाही" याचा अर्थ "काहीच करता येत नाही" असा नव्हे. हालचाली कमी करणारी टेट्राबेनाझीनसारखी औषधे आहेत. उदासी, चिडचिड, झोप यांवर औषधे आहेत. टेट्राबेनाझीनने काहींची उदासी वाढते, म्हणून मनःस्थितीतला बदल डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

चाचणी कोणाची, निर्णय कोणाचा

लक्षणे दिसत असलेल्या माणसाची रक्तचाचणी ही निदानासाठी असते. पण घरातल्या २५ वर्षांच्या धडधाकट मुलाचे काय? पंधरा वर्षांनी आपल्याला काय होणार, हे त्याला आज रक्तावरून कळू शकते. काहींना ते कळून घ्यायचे असते, लग्न, मूल, घर ठरवायचे असते. काहींना कळून घ्यायचे नसते. दोन्ही निर्णय शहाण्या माणसाचे आहेत. खुद्द नॅन्सी वेक्सलर यांनी आपल्या स्वतःच्या चाचणीबद्दल कित्येक वर्षे जाहीरपणे काही सांगितले नाही. आपल्याला हा आजार असल्याचे त्यांनी २०२० साली उघड केले.

इथे आमचे मत स्पष्ट आहे. चाचणीचा हक्क ज्याचे रक्त त्याचा. सासरच्यांनी, मालकाने, मंडळाच्या अध्यक्षाने तिची मागणी करू नये. समुपदेशनाशिवाय ती करूच नये. लक्षणे नसलेल्या लहान मुलांची ही चाचणी करत नाहीत. अठराव्या वर्षानंतर तो निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा. गरोदरपणात गर्भाची तपासणी करण्याची सोय आहे आणि अनुवांशिक आजारासाठी ती कायद्याला धरूनही आहे. त्या आडून मुलगा की मुलगी हे पाहणे मात्र गुन्हा आहे.

लग्नाचा प्रश्न

सगळी लपवालपवी इथे येऊन थांबते. घरात दोन बहिणी लग्नाच्या आहेत, म्हणून वडिलांना पाहुण्यांसमोर आणायचे नाही. ओपीडीत नाव नोंदवायचे नाही, कारण शेजारचा वॉर्डबॉय ओळखीचा आहे. आम्ही या आईबापांना दोष देत नाही. जिथे मुलीचा रंग आणि उंची बघून नकार येतो, तिथे असा आजार सांगायची हिंमत कोण करील? पण लपवण्याची किंमत कोण मोजते, तेही पाहू. ती मोजते लग्न होऊन येणारी सून. सासऱ्यांना काय झाले होते, हे तिला दहा वर्षांनी, नवऱ्याच्या हातातून ताट पडू लागल्यावर कळते. तोवर "तिच्या पायगुणाने झाले" असे बोलून घर मोकळे झालेले असते. मग ती नवऱ्याला सांभाळते, धुणीभांडी करून घर चालवते आणि रात्री मुलांकडे पाहत बसते.

म्हणून आम्ही म्हणतो, घरात हा आजार आहे ही गोष्ट लग्न ठरण्याआधी त्या मुलाने किंवा मुलीने आपल्या होणाऱ्या जोडीदाराला स्वतः सांगावी. स्वतःची चाचणी केलेली असो वा नसो. चाचणी करायची की नाही, हे पुढे दोघांनी ठरवावे. एवढे सांगण्याचे धैर्य त्यांना यावे, ही जबाबदारी समाजाची आहे. ऐकणाऱ्याने ती गोष्ट गावभर करायची नाही. नकार द्यायचा तर सभ्यपणे द्यायचा, आणि त्या घराला पंगतीतून, सोयरिकीतून, मंडळातून बाजूला सारायचे नाही. त्या घरातल्या निम्म्या माणसांकडे हे जनुक नसण्याची शक्यता आहे आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेही कर्तेपणाची वीस-पंचवीस वर्षे आहेत. शिक्षक, कारकून, गवंडी, गायक, कार्यकर्ता म्हणून ते उभे राहू शकतात. जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून माणसाला दूर ठेवणे आपण नाकारले आहे. एका आजारासाठी त्याला अपवाद करायचा नाही.

घरातली काळजी

आजार सुरू झाल्यावर माणूस साधारण १५ ते २० वर्षे जगतो. एवढा काळ काढायचा तर काळजी शिकून घ्यावी लागते.

सतत हालचालींमुळे या रुग्णाला नेहमीपेक्षा जास्त अन्न लागते. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. मऊ भात, दाट वरण, अंडे, केळे, तेल-तूप घातलेली पेज चालते. चुरमुरे, फुटाणे, अख्खे शेंगदाणे टाळावेत. पातळ पाण्यानेही ठसका लागतो, अशा वेळी दाटसर पेय बरे. खाताना ताठ बसवावे, बोलायला लावू नये, टीव्ही बंद ठेवावा आणि जेवल्यावर अर्धा तास आडवे करू नये. वारंवार ठसका आणि ताप येत असेल तर अन्न फुफ्फुसात जात असण्याची शंका घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

पोटमाळ्याची शिडी, पेटता गॅस, बिछान्यात विडी, रात्री लांबच्या सार्वजनिक शौचालयापर्यंतची वाट, या जागा धोक्याच्या. रोजचा क्रम ठरलेला असला की चिडचिड कमी होते. एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि उत्तराला वेळ द्यावा. बोलणे अडखळले तरी समजते बरेच काही. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल "आता याचे काही खरे नाही" असे बोलू नये.

या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो, निदानाच्या सुमारास विशेष. "मी ओझे झालोय" असे माणूस बोलू लागला तर तो ढोंग करतो असे समजू नका, त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी सेवेचा फोन आहे, तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

आणि सांभाळणाऱ्या बाईचे काय? ती आजारी पडली तर घर बसते. विनयपिटकातली गोष्ट आपण जाणतो. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला कोणी बघत नव्हते, तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगून त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि मग बाकीच्या संघाला जाब विचारला. जबाबदारी एकट्याची नव्हती, सगळ्या संघाची होती. आपण ती एका सुनेच्या गळ्यात टाकून विहारात जातो, हे बरे नाही.

नोकरी आणि कागद

आपल्यातले कितीतरी जण महापालिका, एसटी, रेल्वे, शाळा, सरकारी कार्यालये यांत आहेत. चाल बिघडली, कामात चुका होऊ लागल्या की मेमो येतो, दारू पिऊन कामावर आल्याचा आरोप होतो आणि घाबरलेला माणूस राजीनामा लिहून देतो. राजीनामा लिहू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढून टाकायचे नाही, त्याचा हुद्दा कमी करायचा नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरे काम द्यायचे. त्यासाठी निदानाचा कागद लागतो. लपवलेल्या आजाराला कायदा मदत करू शकत नाही.

याच कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. दीर्घकालीन मेंदू-मज्जासंस्थेचे आजार, हालचालीचे अपंगत्व, वाचा-दोष, मानसिक आजार हे त्यांत आहेत. हंटिंग्टनचे नाव यादीत दिसत नाही म्हणून खिडकीवरून परत फिरू नका. माणसाला काय करता येत नाही, ते तपासून टक्केवारी द्या, असे म्हणा. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला मिळाला की पुढच्या सवलतींचे दार उघडते. रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक अर्ज भरायला मदत करतात. निराधार कुटुंबाने तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचीही चौकशी करावी.

आमचे मागणे

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक विहार समितीने वर्षावासात एक रविवार अनुवांशिक आजारांसाठी ठेवावा आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना बोलवावे. महिला मंडळाने अशा घरी आठवड्यातून दोन दुपारी आळीपाळीने बसावे, म्हणजे त्या घरच्या बाईला झोप मिळेल, तिचा स्वतःचा दवाखाना होईल. वधू-वर परिचय मेळावे भरवणाऱ्यांनी व्यासपीठावरून सांगावे की आजार सांगणाऱ्या घराचा आम्ही मान राखू. तरुणांनी ओपीडीच्या रांगेत आणि दाखल्याच्या खिडकीवर सोबत जावे.

आणि उद्या रस्त्याने कोणी तोल सांभाळत, हात उडवत चाललेला दिसला, तर हसण्याआधी त्याला हात द्यावा आणि विचारावे, "दादा, कुठवर जायचंय?"